आवडता जुना गेम पुन्हा खेळा, पण वही घेऊन

मी पुण्यात मोबाइल गेम बनवते. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे टीव्हीला जोडून १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ खेळायचो. आज तोच गेम मी धडा म्हणून खेळते. कसा, ते सांगते.

लगेच सुरू करू नका. आधी आठवेल ते लिहून काढा: आवाज, रंग, कुठे हमखास मरायचो. इतक्या वर्षांनीही जे आठवतं, तिथेच बनवणाऱ्यांचं कसब असतं.

मग पहिली पातळी थांबत थांबत खेळा. समोरून गूम्बा नावाचा छोटा शत्रू येतो. उडी मारली नाही तर संपलात. एकही शब्द न लिहिता उडी शिकवली! पुढे ठोकळ्यातून मशरूम निघतं, उजवीकडे सरकतं आणि पाइपला आपटून तुमच्याकडेच परत येतं. शत्रू समजून घाबरलात तरी ते बहुतेक लागतंच, आणि मारिओ मोठा होतो. गेमचे रचनाकार शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांची ही आखणी मी कितीदा तरी वहीत काढली आहे.

चित्रंही बघा. ढग आणि झुडपं एकाच आकाराची, फक्त रंग वेगळा. ही जागा वाचवायची युक्ती, कारण अख्खा गेम अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलाय.

शेवटी फक्त ती उडी स्वतः बनवा. बटण दाबून ठेवलं तर उंच, पटकन सोडलं तर ठेंगणी. त्यासाठी बटण सुटताच गेममधलं गुरुत्वाकर्षण, म्हणजे खाली ओढणारा जोर, वाढवा. आकडे बदलत राहा, बोटांना पटेपर्यंत. मला चार रात्री लागल्या.