लहान मुलांची प्लास्टिक सर्जरी: नव्याने येणाऱ्या रेसिडेंटसाठी

जनरल सर्जरीचं एमएस उरकून, नीट एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा देऊन प्लास्टिक सर्जरीच्या एमसीएच या पदवीला नवीन मुलं-मुली आल्या की मी पहिल्याच आठवड्यात विचारते, "बाळाला वाटी-चमच्याने दूध पाजता येतं का?" बहुतेकांना येत नाही. मलाही येत नव्हतं. एमएसच्या तीन वर्षांत हर्निया, अपेंडिक्स भरपूर केलेले असतात, त्यामुळे इथे आल्यावर कधी एकदा दुभंगलेला ओठ शिवायला मिळतो असं होऊन जातं. पण पहिल्या वर्षी तुमचं काम बाळाला टेबलापर्यंत धडधाकट आणण्याचं असतं, आणि ते कोणी बसवून शिकवत नाही.

साधारण 700 जन्मांमागे एक बाळ ओठ किंवा तोंडातला टाळू दुभंगलेलं असतं. ओपीडीत ते येतं आठ-दहा दिवसांचं, टॉवेलने चेहऱ्यापर्यंत झाकलेलं. आजी पुढे, आई मागे. पाच मिनिटांत "हिने ग्रहणात भाजी चिरली" हे निघतंच. तेव्हा हातातलं पेन खाली ठेवा. आजीच्या आणि नवऱ्याच्या देखत आईला सांगा, की ओठ पोटात सहाव्या-सातव्या आठवड्यातच जुळतो, विळीचा आणि ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही, आणि यात तुझी चूक नाही. हे दोन वाक्यांत गुंडाळू नका. ती बाई घरी गेल्यावर काय ऐकणार आहे, ते इथल्या दहा मिनिटांवर ठरतं.

मग दूध. टाळू उघडा असला की बाळाला ओढून पिता येत नाही. ते दमतं, झोपी जातं आणि घरचे म्हणतात, "पोट भरलं." बाळाला उभट धरायचं, पिळून काढलेलं दूध गालाच्या आतल्या बाजूला चमच्याने थोडं थोडं सोडायचं, मध्ये मध्ये ढेकर काढायची. नुसतं सांगून भागत नाही. आईने तुमच्यासमोर पाजून दाखवलं तरच तिला घरी सोडा. दर खेपेला त्याच काट्यावर, कपडे काढून वजन घ्या. ओठाच्या ऑपरेशनसाठीचा दहाचा नियम जुना आहे, पण अजून उपयोगाचा आहे: 10 आठवडे, 10 पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो, आणि हिमोग्लोबिन 10. यातलं वजनच बहुतेक वेळा अडतं.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. जव्हारकडचं एक बाळ होतं, सव्वातीन महिन्यांचं. मोठ्यांच्या सवयीने मी केसपेपरवर लिहिलं, "रात्री 12 नंतर एनबीएम," म्हणजे तोंडाने काहीही द्यायचं नाही. सकाळची ऑपरेशनची लिस्ट लांबली, बाळाचा नंबर लागेपर्यंत दुपारचा एक वाजला. बाळ सुकलं होतं, रडण्यातही जोर नव्हता, एकही शीर सापडेना. भूलतज्ज्ञांनी केस रद्द केली, आणि ते बरोबरच होतं. आईने काही न बोलता त्याला पदराखाली घेतलं. मी पुन्हा कधी असा आदेश लिहिला नाही. आईचं दूध भुलेच्या चार तास आधीपर्यंत, वरचं दूध सहा तास, साधं पाणी दोन तास. लिस्ट पुढे सरकली की तुम्हीच वॉर्डात जाऊन आईला नवी वेळ सांगायची. निरोपावर सोडायचं नाही.

दुभंगाचं (क्लेफ्टचं) वर्गीकरण तुम्ही नागपूरचं शिकाल. ते डॉ. सी. बालकृष्णन यांचं: पहिला गट ओठाचा, दुसरा टाळूचा, तिसरा ओठापासून टाळूपर्यंत आरपार. केसपेपरवर नुसतं 'क्लेफ्ट' लिहून ठेवू नका.

ओटीत पहिले कित्येक दिवस तुम्ही सहाय्यक असाल. त्या दिवसांत निळ्या ठिपक्यांकडे बघा. लाल ओठ आणि कातडी यांच्यामध्ये एक फिकट उंचवटा असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना सर बारीक सुईने शाईचे ठिपके देतात. ॲड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं की ओठ फुगतो, कातडी पांढरी पडते आणि आधी दिसणारी ती कड नाहीशी होते. ठिपके इंजेक्शनच्या आधी का द्यायचे, ते तेव्हा उमगतं. कड एक मिलिमीटर जरी वरखाली झाली तरी समोर बसून बोलणाऱ्याला ती आयुष्यभर दिसते. टाळूच्या केसमध्ये घशात ठेवलेला पॅक, म्हणजे गॉजची पट्टी, बाहेर आला का, हे स्वतः मोजा. सिस्टरने मोजलं असलं तरी मोजा.

भाजलेल्या मुलांचा वॉर्ड मला सगळ्यात जड गेला. चहाचं पातेलं, आंघोळीच्या पाण्याची बादली, दिवाळीत भुईनळे. जखमेवर टूथपेस्ट किंवा हळद लावलेली असते. रागावू नका, घाबरलेल्या माणसाने हाताशी होतं ते लावलेलं असतं. अंग किती भाजलं त्याची टक्केवारी मोठ्यांच्या हिशेबाने काढू नका. वर्षाच्या आतल्या बाळाचं डोकं अंगाच्या 19 टक्के असतं, मोठ्या माणसाचं 7. त्या मुलाचाच तळहात बोटांसकट धरला तर साधारण 1 टक्का. ड्रेसिंगआधी वेदनाशामक देऊन थांबा, चिकटलेली पट्टी भिजवून सोडवा. चार वर्षांची एक मुलगी पट्टीचे वेढे मोजायची. तिचं "सात" म्हणून होईपर्यंत मी आठवा वेढा सोडत नसे.

जव्हारचं बाळ तीन आठवड्यांनी परत आलं, वजन चार किलो आठशे. ओठ झाला. कोपर वाकून हात टाक्यांना लागू नये म्हणून दोन्ही हातांना पट्ट्या बांधून मी त्याला आईकडे दिलं, तर ती बराच वेळ नुसती बघत राहिली. आधीचं हसू आता दिसणार नाही, म्हणाली. असं बऱ्याच आया म्हणतात, त्यांना घाई करू नका. जाताना तिच्या कार्डावर मी टाळूच्या ऑपरेशनचा महिना लिहिला आणि सांगितलं, की टाळू वेळेवर झाला नाही तर बोलणं गेंगाणं राहतं, आणि ऑपरेशननंतर स्पीच थेरपी आणि कानाची तपासणीही लागते. तिने कार्ड पोलक्यात खोचलं आणि विचारलं, "तोवर वाटी-चमचाच ना?"