अँटिव्हायरसने भरवशाची फाइल पकडली तर

अँटिव्हायरसची लाल सूचना आली की बहुतेक लोक दोनपैकी एक काहीतरी करतात. काही जण घाबरून फाइल डिलीट करतात. बाकीचे "अहो, ही तर आपलीच फाइल आहे" म्हणत अँटिव्हायरसच बंद करून टाकतात. ऑफिसातल्या संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे, त्यामुळे या दोन्ही तऱ्हा मला चांगल्या परिचयाच्या आहेत. दोन्हींत विनाकारण घाई असते. अँटिव्हायरस पकडलेली फाइल क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळ्या कोंडवाड्यात, ठेवतो. तिथे गेली की ती चालू शकत नाही. समजा ती खरंच वाईट असेल, तरी तिथे पडून काही करणार नाही. चांगली असेल तर तिथून परत आणता येते. डिलीट केलेली मात्र परत मिळेलच असं नाही. म्हणून निर्णय होईपर्यंत तिला तिथेच राहू द्या.

आधी सूचना नीट वाचा. डिफेंडर या विंडोजसोबतच येणाऱ्या अँटिव्हायरससाठी 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये जा आणि 'प्रोटेक्शन हिस्टरी' पाहा. तिथे धोक्याचं नाव असतं आणि फाइल नेमकी कुठे सापडली तो पत्ता असतो. दोन्ही लिहून घ्या किंवा फोटो काढा. माझ्याकडे लोक "व्हायरस आलाय" एवढंच सांगत येतात, आणि तेवढ्यावरून मला काहीच ठरवता येत नाही.

धोक्याच्या त्या नावात बरीच माहिती असते. नावात 'जेन' किंवा 'ह्युर' असेल, किंवा डिफेंडरच्या नावाच्या शेवटी उद्गारचिन्ह आणि 'एमएल' असेल, तर अँटिव्हायरसने ठरावीक व्हायरस ओळखलेला नसतो. फाइलची ठेवण किंवा वागणं संशयास्पद वाटलं, एवढंच तो सांगत असतो. चुकीचे इशारे बहुतेक याच गटातले असतात. 'पीयूए' म्हणजे नको असलेला प्रोग्राम. एखाद्या फुकट सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरमध्ये जाहिरातींचं लचांड जोडलेलं असलं की हे नाव दिसतं. 'हॅकटूल' किंवा 'रिस्कवेअर' असेल तर तो बऱ्याचदा चुकीचा इशारा नसतोच. विसरलेला पासवर्ड शोधून देणारं साधन चोरालाही तितकंच उपयोगी पडतं, आणि अँटिव्हायरस ते साधन बरोबर ओळखतोय. तिथे प्रश्न एवढाच उरतो, की ते साधन तुम्ही स्वतः आणलंय का आणि तुम्हाला ते हवंय का. तुम्ही आणलेलं नसेल तर मामला गंभीर आहे.

आणखी एक गोष्ट वेगळी ओळखायला शिका. फाइल उघडताना "विंडोजने तुमच्या पीसीचं रक्षण केलं" अशा अर्थाची निळी चौकट आली, तर ती स्मार्टस्क्रीनची, म्हणजे अनोळखी फाइल्सबद्दल सावध करणाऱ्या विंडोजच्या सोयीची आहे. बहुतेक वेळा तिचं म्हणणं इतकंच असतं, की ही फाइल फारशी कुणी वापरलेली नाही आणि तिची ओळख पटत नाही. फाइलमध्ये व्हायरस सापडला असा तिचा अर्थ नाही.

नाव पाहून झालं की अँटिव्हायरस अपडेट करा आणि फाइल पुन्हा तपासा. पुष्कळ प्रकरणं इथेच मिटतात, कारण चूक कंपनीच्या लक्षात आलेली असते आणि दुरुस्ती निघालेली असते. अशा चुका मोठ्या कंपन्यांकडूनही झाल्या आहेत. 21 एप्रिल 2010 रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची 'एसव्हीसीहोस्ट' ही मूळ फाइलच व्हायरस ठरवली आणि जगभर संगणक पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिले. सप्टेंबर 2012 मध्ये सोफोसने स्वतःच्याच अपडेट करणाऱ्या भागाला धोका ठरवलं. सप्टेंबर 2022 मध्ये डिफेंडर क्रोम आणि तशाच घडणीच्या इतर प्रोग्रामांवर इशारे देत होता. पाठोपाठ दुरुस्तीचा अपडेट आला. विंडोजची स्वतःची फाइल किंवा रोजचा ब्राउझर एकाच दिवशी अनेक संगणकांवर पकडला गेला, तर संशय आधी त्या दिवशीच्या अपडेटवर घ्या. कशालाही हात लावू नका.

अपडेटनंतरही इशारा कायम असेल तर खरी तपासणी सुरू होते. इथे लोक मला हमखास सांगतात, "मी हे वर्षानुवर्षं वापरतोय." मला ते पुरत नाही. 2017 मध्ये संगणकाची साफसफाई करणाऱ्या सीक्लीनर या प्रोग्रामच्या 5.33 या आवृत्तीत मागचं दार, म्हणजे हल्लेखोरांना गुपचूप आत येण्याची वाट, घातलेलं निघालं. ती कंपनीच्या अधिकृत सर्व्हरवरूनच येत होती, तिच्यावर खरी डिजिटल सही, म्हणजे फाइल बनवणाऱ्याची ओळख पटवणारी खूण होती, आणि ती 20 लाखांहून अधिक संगणकांवर पोचली होती. तेव्हा सवय बाजूला ठेवा आणि हातातली ही प्रत तपासा.

फाइल कुठून आली? बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरून, की शोधताना वर दिसलेल्या जाहिरातीवरून? खात्री नसेल तर मूळ साइटवरून नव्याने उतरवा. फाइल क्रॅकची, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकट चालवण्यासाठीची असेल, किंवा सोबतच्या सूचनांत "आधी अँटिव्हायरस बंद करा" असं लिहिलं असेल, तर माझ्या लेखी तपासणी तिथेच संपते. ती फाइल मी संगणकावर ठेवत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

मग सही पाहा. फाइलवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'डिजिटल सिग्नेचर्स'. सही वैध आहे ना आणि नाव बनवणाऱ्याचंच आहे ना, हे दोन्ही बघा. लहान प्रोग्रामांवर सही बऱ्याचदा नसते, कारण ती विकत घ्यावी लागते. सही नाही म्हणून फाइल वाईट ठरत नाही, पण मग पुढची पायरी चुकवू नका.

ती पायरी म्हणजे हॅश. पॉवरशेल या विंडोजच्या कमांड लिहायच्या खिडकीत 'गेट-फाइलहॅश' ही कमांड फाइलच्या पत्त्यासह दिली की 64 अक्षर-अंकांची एक ओळ मिळते. फाइलमध्ये एक बाइट जरी बदलला तरी ही ओळ पार बदलते. बनवणाऱ्याने साइटवर दिलेल्या हॅशशी ती जुळली, तर वाटेत कुणी फाइल बदललेली नाही. फाइल क्वारंटाइनमध्ये असताना सही पाहता येत नाही आणि हॅशही काढता येत नाही, पण डिफेंडर सोडून इतर काही अँटिव्हायरस तो आपल्या अहवालात देतात. नसेल तर ज्या संगणकावर तीच फाइल शाबूत आहे तिथून दोन्ही पाहा.

तो हॅश व्हायरसटोटल या साइटच्या शोधपट्टीत टाका. सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस इंजिनांचं मत एका जागी दिसतं. आधी हॅशच टाका, फाइल चढवू नका. चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना आणि पैसे भरणाऱ्या सदस्यांना उतरवता येते. पगारपत्रकं, करार, ग्राहकांच्या याद्या तिथे कधीही जाता कामा नयेत.

निकाल वाचताना नुसता आकडा मोजू नका. पाच नावं लाल दिसली आणि पाचही ठिकाणी धोक्याचं नाव हुबेहूब सारखं असेल, तर ते बऱ्याचदा एकच मत असतं, कारण अनेक कंपन्या बिटडिफेंडरसारख्या दुसऱ्या कंपनीचं इंजिन वापरतात. एकदोन अपरिचित इंजिनं मोघम नाव देत असतील आणि फाइल तिथे बऱ्याच काळापासून नोंदलेली असेल, तर मी निवांत होते. चार वेगवेगळी मोठी इंजिनं एकाच व्हायरसकडे बोट दाखवत असतील, तर फाइल कितीही ओळखीची असो, ती गेली. आणि कालच पहिल्यांदा नोंदलेली फाइल पूर्ण हिरवी दिसली तरी तेवढ्यावर विसंबू नका. नवा व्हायरसही सुरुवातीला असाच दिसतो.

फाइल चांगली आहे अशी खात्री पटली, की मग 'प्रोटेक्शन हिस्टरी'तून 'रिस्टोअर' करा. ती परत पकडली गेली तरच अपवाद घाला, म्हणजे ती तपासू नकोस असं अँटिव्हायरसला सांगा. अपवाद घालताना हात आखडता ठेवा: त्या एकाच फाइलचा पत्ता द्या. फोल्डर देणं भागच असेल तर 'प्रोग्राम फाइल्स'मधला द्या, जिथे अ‍ॅडमिनच्या परवानगीशिवाय काही लिहिता येत नाही. 'डाउनलोड्स', डेस्कटॉप, टेम्प फोल्डर किंवा अख्खी ड्राइव्ह अपवादात टाकणं म्हणजे दाराची कडी काढून ठेवणं. सगळ्या 'ईएक्सई' फाइल्स वगळणारा अपवादही मी अनेकांच्या संगणकांवर पाहिला आहे. तो तर दिसताक्षणी काढा. डिफेंडरमधल्या 'प्रोसेस' या प्रकाराबद्दल मोठा गैरसमज आहे. तो त्या प्रोग्रामला वगळत नाही, तो प्रोग्राम ज्या ज्या फाइल्स उघडेल त्यांना रिअल-टाइम तपासणीतून वगळतो. बहुतेकांना हवं असतं त्याच्या हे उलट आहे.

अपवाद कधी घातला आणि का, हे लिहून ठेवा. ऑफिसातल्यांनी स्वतः अपवाद घालू नये. धोक्याचं नाव, पत्ता, हॅश आणि फाइल कुठून आणली एवढं देखभाल करणाऱ्याला कळवावं. ही चार गोष्टींची चिठ्ठी हातात आली की माझं निम्मं काम झालेलं असतं.

त्यानंतर कंपनीला कळवा. मायक्रोसॉफ्टची फाइल तपासणीसाठी पाठवण्याची साइट आहे, तिथे 'चुकीने पकडली' असा पर्याय निवडता येतो. बाकीच्या कंपन्यांकडेही असे अर्ज असतात. पुष्कळ कंपन्या फाइल झिप करून त्याला 'इन्फेक्टेड' असा पासवर्ड लावून मागतात. प्रोग्राम बनवणाऱ्यालाही कळवा, कारण त्याच्या बाकीच्या वापरकर्त्यांनाही हाच त्रास होत असतो.

प्रोग्राम तुम्हीच लिहिला असेल तर त्रास मुळातच कमी करता येतो. अहवालांची पानं जोडायला मी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला होता, तो अँटिव्हायरस सतत गिळायचा. पायथनच्या प्रोग्रामची 'ईएक्सई' बनवणाऱ्या पायइन्स्टॉलरची एकच-फाइल पद्धत सगळं टेम्प फोल्डरमध्ये उलगडते आणि तिथून चालवते. व्हायरसही नेमकं असंच वागतात, आणि पायइन्स्टॉलरचा तयार सुरुवातीचा भाग त्यांच्यातही सापडतो. फोल्डरची पद्धत निवडा, यूपीएक्स या साधनाने फाइल दाबून लहान करणं बंद ठेवा, आणि जमल्यास तो सुरुवातीचा भाग स्वतः कंपाइल करा. माझ्या प्रोग्रामला फोल्डरच्या पद्धतीनंतर कुठेच अपवाद लागला नाही.

कंपनीने चूक मान्य केल्याचं उत्तर आलं, की अपडेट करा, अपवाद काढा आणि फाइल पुन्हा तपासा. अपवाद ठेवावाच लागला, तर तो फार रुंद झालेला नाही ना हे आयकार फाइलने पाहता येतं. ही 68 अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल आहे, आणि अँटिव्हायरस ती ठरवूनच पकडतात. अपवाद घातलेल्या फाइलच्या शेजारी ती ठेवा. लगेच पकडली गेली तर अपवाद बरोबर आहे. तशीच पडून राहिली तर अपवादांची यादी पुन्हा उघडा.