स्वस्त स्पॉट वेल्डर चालू करण्याआधी

आधी गाडीभोवती एक चक्कर मारा आणि हे मशीन कुठे लावायचं नाही ते ठरवा. स्पॉट वेल्डर म्हणजे दोन पत्रे तांब्याच्या दोन टिपांमध्ये दाबून करंटच्या उष्णतेने ठिपक्या-ठिपक्याने जोडणारं मशीन. सिंगल फेजवर चालणारा, हातात धरायचा स्वस्त वेल्डर हा पाऊण-एक मिलिमीटरच्या साध्या पत्र्यासाठी असतो: रनिंग बोर्डची कड, डिकीचा तळ, असली कामं. बी पिलर (पुढच्या-मागच्या दारांमधला खांब), चासीचे मेंबर, सीटबेल्टची माउंटिंग त्याच्या भरवशावर सोडू नका. ॲल्युमिनियमचं तर नावच नको. टिपा पत्र्याच्या दोन्ही बाजूंना पोहोचतात का, हेही मशीन बंद असताना लावून बघा. पोहोचत नसतील तर वरच्या पत्र्याला भोक पाडून ते मिग वेल्डिंगने, म्हणजे तार वितळवून, भरणं बरं.

खरी गोम विजेत आहे. वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याच्या भाड्याच्या गाळ्यात एकाच लायनीवर कॉम्प्रेसर, ग्राइंडर, पंखे असं सगळं लटकलेलं असतं. त्यात आपण वीस-पंचवीस फुटांचं बारीक एक्स्टेन्शन जोडतो. व्होल्टेज १० टक्के पडलं की करंटही साधारण तेवढाच पडतो, पण उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती जवळजवळ १९ टक्के घटते. वरून जोडाची टिकली झकास दिसते, आत पत्रा धरलेलाच नसतो. म्हणून मशीनवरची व्होल्ट-अँपिअर लिहिलेली पट्टी वायरमनला दाखवा, मीटरबोर्डापासून वेगळी जाड लाइन, त्याला साजेसा एमसीबी आणि अर्थिंग करून घ्या. सोसायटीच्या पार्किंगमधल्या प्लगवर हा उद्योग नकोच.

दोन पत्र्यांना चार बाजू असतात आणि चारही घासायच्या असतात. बाहेरचा रंग सगळे काढतात, आतला प्राइमर आणि सीलर तसाच राहतो आणि करंट तिथेच अडतो. घासून झाल्यावर आतल्या दोन बाजूंना वेल्ड-थ्रू प्राइमरचा (करंट जाऊ देणाऱ्या, जस्तासारखी धातूची पूड असलेल्या प्राइमरचा) पातळ हात द्या. पावसाळ्यात खाडीच्या हवेवर उघडा पत्रा लगेच तांबूस पडायला लागतो, तेव्हा त्या दिवशी जोडायचं तेवढंच घासा. पत्र्यांमधली फट ग्रिप प्लायरने आवळून मिटवा, ते काम टिपांवर टाकू नका. टिपा समोरासमोर बसल्यात ना ते बघा. ०.८ मिमी पत्र्याला टिपेचं तोंड साडेचार-पाच मिमी पुरतं. पसरलं असेल तर कानशीने पुन्हा आकाराला आणा, गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर जरा जास्तच वेळा.

त्याच गाडीच्या, त्याच जाडीच्या पत्र्याच्या दोन पट्ट्या कापून ठेवा. त्यांवर एक ठोका, म्हणजे एक ठिपक्याचा जोड, मारा आणि छिन्नीने उचकटा. एका पत्र्याला भोक पडून त्याचं बटण दुसऱ्यावर चिकटून राहिलं तर सेटिंग जमलं. दोन्ही पट्ट्या गुळगुळीत सुटल्या तर वेळ किंवा करंट वाढवा. ही परीक्षा टाळणाऱ्या डेंटरला मी तरी गाडी देणार नाही.

बाकीचं पटापट: बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, सीट-कार्पेट बाजूला, जवळपास पेट्रोलची लाइन नाही, गॉगल, हातमोजे, अग्निशामक हाताशी, गाळ्याचं शटर उघडं, कारण जस्ताचा धूर छातीत जाऊ नये. अंगठी, घड्याळ काढून ठेवा. पेसमेकर असलेल्या माणसाला तिथे थांबू देऊ नका.

शेवटी मार्करने ठोक्यांच्या जागा आखा, कंपनीच्या जुन्या ठोक्यांइतक्याच अंतरावर. फार जवळ घेतले तर करंट शेजारच्या तयार जोडातून पळतो आणि नवा ठोका कच्चा राहतो. दर काही ठोक्यांनंतर मशीन निवू द्यायचं आहे, तेवढा वेळ हिशेबात धरा.