कॉम्प्युटर स्लो झाला म्हणून लगेच फॉरमॅट मारू नका

आमच्याकडे चिपळूण-गुहागर म्हणा नाहीतर खाली मालवण-वेंगुर्ला, कॉम्प्युटरला काहीही झालं की सगळ्यांचं औषध एकच, "फॉरमॅट मारून टाक." स्लो झाला फॉरमॅट, नेट चालत नाही फॉरमॅट, पेनड्राईव्हमधल्या फाईली दिसत नाहीत तरी फॉरमॅट, आणि मग मशीन घरी येतं ते आंब्याच्या पेट्यांचा हिशोब, पोरांचे फोटो, होमस्टेची बुकिंगं सगळं धुवून. बहुतेक वेळा याची काही गरजच नसते. खाली सांगतोय त्यातलं बरंचसं विंडोजमध्येच आहे, बाकीची सॉफ्टवेअरं फुकट मिळतात, फक्त कोणी उघडून बघत नाही.

सगळ्यात आधी रीस्टार्ट. शट डाऊन नाही, रीस्टार्ट. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार आलाय, त्यात शट डाऊन केलं तरी विंडोजचा आतला भाग पूर्ण बंद होत नाही, तो डिस्कवर तसाच जपून ठेवला जातो आणि सकाळी कालचीच कटकट परत उघडते. रीस्टार्टमध्ये खरोखर पहिल्यापासून सुरू होतं. अर्धी दुखणी इथेच जातात.

नाही गेली तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, कोण किती मेमरी आणि डिस्क वापरतंय ते तिथे दिसतं. मशीन रखडलेलं असतानाच बघायचं, नंतर बघून उपयोग नाही. मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि ब्राउझरमध्ये ढीगभर टॅब उघडे असतील तर कॉम्प्युटरला दोष देऊ नका. त्यातच स्टार्टअप म्हणून भाग आहे, तिथे कॉम्प्युटर चालू होताना आपणहून उठणाऱ्या सगळ्या मंडळींची यादी असते, गेमचे लाँचर, चॅटची ॲपं, प्रिंटरचे असिस्टंट, ज्याची रोज गरज नाही त्यावर राईट क्लिक करून डिसेबल. ॲप उडत नाही, फक्त न बोलावता येत नाही. अँटिव्हायरसला मात्र हात लावू नका.

आता मुख्य गोष्ट. काहीच उघडलेलं नाही तरी टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा बराच वेळ १०० टक्क्यांवर बसून राहतोय, तर क्रिस्टलडिस्कइन्फो उतरवून घ्या. जपानी सॉफ्टवेअर आहे, त्याच्या साईटवर कार्टूनमधल्या मुलीचं चित्र असलेल्या आवृत्त्यापण दिसतात, व्हायरस वगैरे काही नाही, त्यांची हौस आहे ती, आपण साधी स्टँडर्ड घ्यायची. उघडलं की डिस्कची तब्येत रंगात दिसते, निळं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे सावध, लाल म्हणजे गेली. पिवळं असेल तर खालच्या तक्त्यात ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघा. ०५ म्हणजे डिस्कने खराब झालेले जे तुकडे बाजूला काढून त्यांच्या जागी राखीव तुकडे वापरलेत ते, सी५ म्हणजे जे आत्ता धड वाचता येत नाहीत आणि ज्यांचा निकाल लागायचाय ते, आणि सी६ म्हणजे तपासणीत दुरुस्तच न झालेले. शेवटच्या रॉ कॉलममध्ये सगळी शून्यं असतील तर उत्तम. शून्य नसेल, आणि चार दिवसांनी परत बघितल्यावर आकडा वाढलेला असेल, तर त्या डिस्कचा भरवसा धरू नका.

अशा वेळी पहिलं काम, कामाच्या फाईली दुसरीकडे कॉपी करणं. कोणी सांगेल डिस्क चेक लावून ठेव रात्रभर, ते नंतर, कारण मरायला टेकलेल्या डिस्कला तास न् तास घासायला लावलं तर ती मध्येच मान टाकते आणि मग डेटा काढायचा खर्च डिस्कच्या कितीतरी पट. अशा डिस्कवर फॉरमॅट मारलात तर विंडोज नवं आणि खालचे तुकडे तेच जुने, महिन्याभरात परत दुकानात. आणि सगळं निळं असूनही डिस्क कायम १०० वर असेल तर ती बहुधा जुन्या पद्धतीची फिरणारी हार्डडिस्क असणार, तिच्या जागी साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली डिस्क, बसवा. जुन्या लॅपटॉपच्या अडीच इंची खाचेत ती सरळ बसते, आणि मी तर म्हणतो खर्च करायचाच असेल तर फक्त यावरच करा, एवढा फरक कुठल्याच सॉफ्टवेअरने पडणार नाही.

ते पीसी क्लीनर, रजिस्ट्री क्लीनर, ड्रायव्हर अपडेटर, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ८०० चुका सापडल्या" म्हणून ओरडणारे, ते सगळे उडवून टाका.

पुढचा प्रकार खास बंद घरांचा. मुंबईकर गणपतीला येतात, वर्षभर मेन स्विच बंद असलेला डेस्कटॉप चालू करतात आणि कुठलीही साईट उघडली की "तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही" असा लाल इशारा. लगेच नेटवाल्याला शिव्या. अरे बाबांनो, आधी खाली कोपऱ्यात तारीख बघा. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, एक गोल सेल असतो, सीआर २०३२, लाईट नसताना घड्याळ तो चालवतो. तो संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते, प्रत्येक साईटच्या सर्टिफिकेटला (साईट खरी असल्याचा दाखला) कधीपासून कधीपर्यंत चालेल ते ठरलेलं असतं, त्यामुळे तुमच्या कॉम्प्युटरच्या हिशोबाने ती सर्टिफिकेटं अजून सुरूच झालेली नसतात. सेटिंग्जमध्ये टाईम अँड लँग्वेज, मग डेट अँड टाईम, तिथे सिंक नाऊ दाबा, नाही झालं तर तारीख हाताने घाला. लाईट गेली आणि तारीख परत मागे गेली तर सेल बदला, घड्याळवाल्याकडेपण मिळतो. प्लग काढून मगच बदलायचा.

आणि डेस्कटॉप पावसाळाभर बंद राहिला नि आता नुसता बीप बीप करतोय, स्क्रीन काळी, तर बऱ्याचदा रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या कार्डाच्या, सोनेरी पट्टीवर दमट हवेने थर धरलेला असतो. प्लग काढा, रॅम काढा, पोरांचा साधा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, भुगा झटका, परत खट्ट आवाज येईपर्यंत बसवा. पावसात आठवड्यातनं दोन-तीनदा तास-दीड तास मशीन चालू ठेवलं तर ही वेळ कमी येते, आतल्या गरमीने ओल धरत नाही.

पेनड्राईव्ह. सातबाऱ्याची प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात दिला आणि घरी येऊन बघताय तर सगळे फोल्डर शॉर्टकट झालेत, प्रत्येकावर बाण, साईझ एक-दोन केबी. डबल क्लिक करू नका, त्याच बाणात व्हायरस बसलेला असतो. तुमच्या फाईली गेलेल्या नाहीत, लपवल्यात. एक्सप्लोररमध्ये ऑप्शन्स उघडून व्ह्यू टॅबमध्ये जा, हिडन फाईल्स दाखवा यावर खूण करा आणि खाली प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाईल्स लपवा अशी ओळ आहे तिथली खूण काढा, विंडोज घाबरवेल, येस म्हणा. आता फिकट रंगात खरे फोल्डर दिसतील, कधीकधी नाव नसलेल्या एखाद्या फोल्डरच्या पोटात. तेवढेच कॉपी करून घ्या, राईट क्लिक करून विंडोज डिफेंडरने तपासा, आणि मग पेनड्राईव्हला फॉरमॅट मारा, इथे हक्काने मारा. काढलेली खूण परत लावायला विसरू नका. पुढच्या वेळी नुसती पीडीएफ मेल केलीत तरी दुकानदार प्रिंट देतो.

नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असेल तर त्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये मीटर्ड कनेक्शन (डेटा मोजून वापरायचा ही खूण) चालू करा, नाहीतर दिवसाचा डेटा विंडोजचे अपडेट सकाळी नऊलाच खाऊन बसतात. घरी वायफाय आलं की अपडेट मात्र होऊ द्या.

लाईटचं काय सांगायचं, वारा सुटला की गेलीच. वर्डमध्ये फाईल, ऑप्शन्स, सेव्ह इथे ऑटोरिकव्हर, म्हणजे लिहिलेलं आपोआप जपून ठेवणं, १० मिनिटांवर असतं ते २ करा, लिबरऑफिसमध्येपण तशीच सोय आहे. मे अखेरीला गडगडायला लागलं की नुसता स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढायचा, आणि नेट तांब्याच्या तारेतनं येत असेल तर तीपण काढायची, वीज तिथनंही आत येते. फायबरच्या काचेतनं येत नाही, पण त्या डब्याच्या ॲडॅप्टरमधनं येतेच.

सी ड्राईव्ह भरला असेल तर विझट्री. कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते काही सेकंदात दाखवतं, कारण एकेक फोल्डर न उघडता ते डिस्कची मूळ यादीच वाचतं. विंडोजच्या टेम्पररी फाईल्समधनं साफ करत असाल तर डाउनलोड्सपुढे खूण आहे का ते बघून घ्या, लोकांची लाईटबिलं आणि मार्कशीटा तिथेच पडलेल्या असतात.

मराठी टायपिंगसाठी विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, लँग्वेजमध्ये मराठी ॲड करून त्याच्या ऑप्शन्समधनं घ्यायचा, विंडोज आणि स्पेस दाबून बदलायचा. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमधल्या फाईली अगम्य दिसतात त्या खराब नाहीत, तो फॉन्ट तुमच्याकडे नाही एवढंच.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीनचा प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर सहसा विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोयपण लागते. नुसतं नेट, मेल आणि हिशोब असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम बघा, पेनड्राईव्हवरनं इन्स्टॉल न करता चालवून बघता येतं, प्रिंटर चालतो का तेवढं आधी तपासा.

बॅकअप. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा दुकानांचे तळमजलेच्या तळमजले बुडाले. कॉम्प्युटर आणि त्याची बॅकअपची डिस्क एकाच टेबलावर असेल तर दोन्ही एकदमच बुडणार. म्हणून एक डिस्क घरात आणि एक गावाबाहेर, गणपतीनंतर परत जाणाऱ्या भावाच्या बॅगेत टाकायची, शिमग्याला येताना परत आणायला सांगायची. कॉपीसाठी फ्रीफाईलसिंक चांगलं, फक्त त्यात मिररऐवजी अपडेट निवडा, मिररमध्ये इकडे चुकून उडालेली फाईल तिकडनंही उडते.

आणि एवढं करूनही दुकानात न्यायची वेळ आलीच तर नेण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कच्या कुलपाची, रिकव्हरी की काढून घ्या. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप लॉक असते, मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या सेटिंगमध्ये) काही हलवलं की ४८ आकडे मागतं आणि ते नसतील तर आतलं काही मिळत नाही. तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडतात, कागदावर लिहा, रेशनकार्डाच्या फाईलीत ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको.