कृषीदूतांचा गट : वेगवेगळ्या मुलखांतली पोरं एकत्र कामाला लावताना

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला पोरं ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात मुक्कामाला येतात, त्यांनाच कृषीदूत म्हणतात. एकाच खोलीत मेळघाटातला कोरकू, दिग्रसकडच्या तांड्यावरचा बंजारा, भामरागडचा माडिया, पुण्याकडचा आणि एखादा परराज्यातला असा गट जमतो.

पहिल्याच दिवशी गटप्रमुख निवडू नका. ज्याचं मराठी खणखणीत तोच निवडला जातो. मग गावकऱ्यांशी शेवटपर्यंत तोच बोलतो आणि कोरकू पोराच्या हाती पाण्याचा कॅन राहतो. आठवडाभर थांबा, नंतर दर पंधरवड्याला प्रमुख बदला.

आधी हाताचं काम काढा. पेरणीआधी पोहोचलात तर सोयाबीनची उगवण चाचणी उत्तम. पोत्यातून तीन-चार ठिकाणचं बी घ्या, निवड न करता 100 दाणे मोजा, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. पाच-सहा दिवसांनी उघडून मोजा. 70 किंवा जास्त उगवले तर नेहमीचं प्रमाण, कमी उगवले तर बियाणं वाढवायचं. जोड्या मात्र मुलूख बदलून लावा आणि दोघांनाही वेगवेगळं मोजू द्या. वाकडा, तुटका कोंब धरायचा की नाही यावर आकडे हमखास जुळत नाहीत. गटातलं पहिलं भांडण बियाण्यावरून झालेलं परवडतं, एकमेकांच्या बोलण्यावरून झालेलं नाही.

बैठकीत खरी गडबड होते ती गप्प बसणाऱ्यांमुळे. म्हणजे गप्प बसणं म्हणजे होकार असं बाकीच्यांनी धरल्यामुळे. कोरकू मुंडा कुळातली भाषा, गोंडी-माडिया द्राविडी. त्या पोरांना मराठीत वाक्य जुळवायला क्षणभर जास्त लागतो आणि तेवढ्यात दुसरा कोणी बोलून मोकळा होतो. उपाय साधा आहे. विषय आदल्या रात्री सांगा, प्रत्येकाकडून दोन ओळींची चिठ्ठी घ्या, चिठ्ठ्या वाचूनच चर्चा सुरू करा. ‘काहून’, ‘करून राहिलो’ अशा वऱ्हाडी बोलण्यावर हसणं पहिल्याच दिवशी बंद करा. गावातल्या बायाबापड्या तसंच बोलतात आणि त्यांनाही ते हसू ऐकू येतं.

सांस्कृतिक बुद्धिमत्तेची, म्हणजे वेगळ्या संस्कृतीतल्या माणसांशी जुळवून घेण्याच्या क्षमतेची, कल्पना अर्ली आणि अँग या अभ्यासकांनी 2003 मध्ये मांडली. तिचे चार भाग सांगतात: इच्छा, माहिती, आखणी, वागणं. आमच्या मते गट अडकतात ते माहितीवर. ‘बंजारे असे, गोंड तसे’ एवढं पाठ केलं की झालं, असं वाटतं. समोरच्या पोराला ते लागू आहे का, हे त्यालाच विचारायचं राहून जातं.

जेवणाचं पहिल्या संध्याकाळीच ठरवा. मटणाचं भांडं नि पळी वेगळी, मटणाचा खर्चही वेगळा. वर्गणी सरसकट ठेवली की माळकरी पोरगा मटणाचे पैसे भरतो, तोंडातून शब्द काढत नाही आणि काही दिवसांनी दुसरीकडे डबा लावतो.

कामाचं वेळापत्रक लावताना सगळ्यांचे सण एकाच कागदावर मांडा. पोळ्याला कोणी बैल जुंपत नाही, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. त्या दोन दिवसांत प्रात्यक्षिक ठेवलं तर सतरंजी तुम्हीच घालायची आणि तुम्हीच उचलायची. दसरा आणि 14 ऑक्टोबरच्या सुमारास दीक्षाभूमीला जाणाऱ्यांची सुट्टी आधीच धरा. रोजे असले तर उन्हातली शिवारफेरी सकाळी उरका.

शेतकरी सभा कोणाच्या वाड्यात किंवा देवळात घेऊ नका. एखादी अख्खी वस्ती येत नाही आणि का आली नाही हेही कोणी सांगत नाही. जिल्हा परिषदेची शाळा बरी. गावात ‘आडनाव काय?’ हा प्रश्न येणारच. एखाद्याला आडनाव सांगायचं नसेल तर बाजूच्याने विषय पिकाकडे वळवायचा, हे गटात आधीच ठरलेलं असावं. गटातल्या गटात मात्र हा प्रश्न नकोच.

वाद झाला तर त्याच दिवशी, फक्त त्या दोघांना बसवून मिटवा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको, तिथे प्रत्येक जण आपल्या मुलखाची बाजू घेतो. सरांची वाटही पाहू नका. ते येईपर्यंत खोलीत दोन चुली मांडलेल्या असतात.