पायाच्या बायपासआधीची तयारी

पायाच्या धमनीचं ऑपरेशन ठरलं की घरातले लोक आधी बॅग भरायला घेतात. बॅग आदल्या रात्रीही भरता येते. ज्या कामांना खरंच वेळ लागतो ती वेगळीच असतात. बाबांच्या वेळी त्यातलं एक आमच्याकडून सुटलं, आणि त्याचा त्रास त्यांना झाला. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात एका प्रश्नापासून करा: ऑपरेशन नेमकं कशासाठी? थोडं चाललं की पोटरी भरून येते आणि उभं राहिलं की काही मिनिटांत मोकळी होते, एवढीच तक्रार असेल तर डॉक्टरांना आधी चालण्याच्या व्यायामाबद्दल विचारा. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं ओसरलं की पुन्हा चालायचं. आठवड्यातून तीन वेळा, अर्धा-पाऊण तास, निदान 12 आठवडे. देखरेखीखाली नेमाने केलेल्या या व्यायामाने चालण्याचं अंतर वाढतं, हे अनेक चाचण्यांतून दिसलेलं आहे. पण रात्री झोपेत पाऊल ठणकत असेल, पाय पलंगाखाली सोडल्यावरच बरं वाटत असेल, बोटावरची जखम भरत नसेल किंवा बोट काळं पडत असेल, तर व्यायामाची वाट बघत बसू नका. तिथे पाय वाचवण्याचा प्रश्न असतो आणि दिवस मोजून मिळतात.

मग रिपोर्टांची फाइल. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात, तो आकडा पहिल्या पानावर हवा. 0.90 किंवा त्याहून कमी म्हणजे धमनीत अडथळा. मधुमेह जुना असेल तर एक गोष्ट आवर्जून विचारा. अशा रुग्णांच्या धमन्यांत कॅल्शियम साठून त्या कडक होतात, पट्ट्याने दबत नाहीत, आणि आकडा 1.40 च्याही वर जातो. कागदावर सगळं उत्तम दिसतं आणि पाऊल मात्र उपाशीच असतं. तेव्हा अंगठ्याचा दाब मोजून घ्यावा लागतो. सोबत डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), अँजिओग्राफीची सीडी (नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही) आणि ताजं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) ठेवा, कारण अँजिओग्राफीचा डाय, म्हणजे धमन्या दिसाव्यात म्हणून टोचतात ते औषध, मूत्रपिंडावर ताण आणू शकतो. पूर्वी डायची रिअ‍ॅक्शन आली असेल तर ते मोठ्या अक्षरांत लिहा.

आता शीर. आमच्याकडून सुटलं ते हेच. बायपास म्हणजे बंद पडलेल्या धमनीला वळसा घालणारी वाट, आणि ती वाट सगळ्यात चांगली बनते रुग्णाच्याच पायातल्या लांब शिरेची, जी घोट्याच्या आतल्या बाजूने जांघेपर्यंत जाते. पॅरिसमध्ये झाँ कुनलँ यांनी 1948 मध्ये मांडीत असा बायपास केला, तेव्हापासून कृत्रिम नळ्या कितीही सुधारल्या तरी गुडघ्याखाली शिरेची बरोबरी त्यांना साधलेली नाही. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेस्ट-सीएलआय या चाचणीत पाय धोक्यात असलेले 1,830 रुग्ण होते. ज्यांची ही शीर चांगली, अखंड होती त्यांच्यात फुगा-स्टेंटपेक्षा (धमनीत फुगा फुगवून किंवा जाळी बसवून वाट मोकळी करण्यापेक्षा) बायपासचा निकाल सरस ठरला. शीर नव्हती त्यांच्यात तसा फरक दिसला नाही. पुढच्याच वर्षी आलेल्या बेसिल-2 या 345 रुग्णांच्या चाचणीत मात्र गुडघ्याखालच्या आजारात आधी फुगा वापरलेल्यांत पाय शाबूत ठेवून जगलेल्यांचं प्रमाण जास्त निघालं. म्हणजे सरसकट उत्तर नाही. पण शीर कशी आहे हे कळल्याशिवाय तुमच्या सर्जनशी या निवडीबद्दल नीट बोलताच येत नाही.

बाबांच्या उजव्या पायाचं व्हेरिकोज व्हेनचं ऑपरेशन वीस वर्षांपूर्वी झालं होतं. फॉर्मवर ‘आधीच्या शस्त्रक्रिया’ या रकान्यात आम्ही फक्त हर्निया लिहिला. व्हेरिकोज व्हेन ही आमच्या लेखी शस्त्रक्रियाच नव्हती. शिरांची सोनोग्राफी ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी झाली आणि उजवी शीर काढून टाकलेली आहे हे तेव्हा कळलं. डावी मांडीत बारीक निघाली. शेवटी दंडातली शीर वापरायचं ठरलं, पण तोवर त्याच हातात तीन वेळा सुई टोचून झालेली होती. ऑपरेशन दोन दिवस पुढे गेलं. ते दोन दिवस बाबांनी पाय खाली सोडून, बसल्या बसल्या काढले.

तेव्हा हे करा: व्हेरिकोज व्हेनचं कुठलंही ऑपरेशन, लेझर, इंजेक्शन, किंवा हृदयाच्या बायपाससाठी पायातून शीर काढली असेल, तर साल आणि पाय लिहून द्या. शिरांची सोनोग्राफी निदान आठवडाभर आधी मागा. पायात सलाइन लावू देऊ नका, आणि हाताची शीर वापरायची शक्यता असेल तर कुठल्या हातातून रक्त काढायचं ते आधीच विचारून घ्या. शिरेच्या मार्गावर मार्करने रेघ काढली असेल तर आंघोळीत ती घासू नका. चीर त्याच रेघेवरून जाते.

औषधांची यादी करताना गोळीचं नाव, ताकद, वेळ आणि शेवटची कधी घेतली, इतकं हवं. अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) बहुतेकदा चालूच ठेवतात. रक्त पातळ करणाऱ्या इतर गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या हे सर्जन आणि भूलतज्ज्ञ ठरवतात. स्टेंट असलेल्या माणसाने तर त्या मनाने कधीच थांबवू नयेत. मधुमेहाच्या ज्या औषधांचं नाव ‘फ्लोझिन’ने संपतं त्या गोळ्या तीन-चार दिवस आधी बंद कराव्या लागतात, त्याबद्दल स्वतःहून विचारा. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणारी गोळी) आधीपासून चालू असेल तर चालू राहू द्या, पण ऐन ऑपरेशनच्या दिवशी नव्याने सुरू होत असेल तर का, हे विचारा. 2008 च्या पॉइज चाचणीत अशा सुरुवातीने हार्ट अटॅक कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले.

पायाच्या ऑपरेशनला इसीजी, टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) कशाला, असं वाटतं. आजार एकट्या पायाचा नसतो. 1913 मध्ये रशियन शास्त्रज्ञ अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खायला घालून धमन्यांत चरबीचे थर उमटवून दाखवले. 1948 मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात 5,209 माणसांचा पाठपुरावा सुरू झाला आणि रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध पक्का होत गेला. पायात जे थर बसले तेच हृदयाच्या आणि मानेच्या धमन्यांतही बसत असतात. म्हणून त्या तपासण्यांना नाही म्हणू नका, आणि छातीत दुखणं किंवा क्षणभर डोळ्यापुढे अंधारी येणं लपवू नका. सिगारेट, विडी आजच बंद. चार आठवडे आधी सुटली तर जखमेचे आणि फुप्फुसांचे त्रास कमी होतात. आठवडाच उरला असेल तरी सोडा.

पावलाची काळजी रोज. गार पडलं म्हणून गरम पाण्याची पिशवी लावू नका, बधिर पाय भाजतो आणि ती जखम भरत नाही. घट्ट मोजे नकोत. घरी केस काढू नका, ब्लेडच्या बारीक चिरांतून जंतुसंसर्ग होतो. पलंगावर टाच टेकून राहू नये म्हणून पोटरीखाली मऊ उशी द्या. नेलपॉलिश काढा.

उपास साधारण असा: घन आहार सहा तास आधी थांबवायचा, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळं सांगितलं तर तेच पाळा. बॅगेत चष्मा, ऐकण्याचं यंत्र, सैल पायजमा, पुढून बंद होणारी, घसरत नसलेली चप्पल.

सही करण्याआधी विचारा: बायपास बंद पडला तर पुढचा मार्ग कोणता? आणि घरी आल्यावर कशासाठी धावत यायचं? पायाला सूज बऱ्याच जणांना येते, काही आठवडे राहते. पण पाय अचानक गार, पांढरा, बधिर झाला किंवा पुन्हा ठणकायला लागला तर सकाळची वाट बघू नका. नाडी कुठे लागते ते डिस्चार्जआधी नर्सकडून बोट ठेवून दाखवून घ्या. आम्ही बाबांच्या पावलावर त्या जागी पेनाने फुली मारून घेतली होती. आणि पुढच्या डॉपलरच्या तारखा तिथेच वहीत उतरवा, शिरेच्या बायपासमध्ये अरुंदपणा यायचा तर बहुतेकदा पहिल्या वर्ष-दीड वर्षातच येतो.