‘पॅलिएटिव्हला दाखवा’ असे केसपेपरवर लिहिले तर : घरच्यांसाठी मार्गदर्शन

कॅन्सरच्या ओपीडीत सकाळपासून ताटकळल्यावर डॉक्टर केसपेपरवर एक ओळ लिहितात आणि ‘पॅलिएटिव्हमध्ये दाखवून या’ असे सांगतात. बहुतेक घरे ही ओळ ‘आता आमच्याकडून झाले’ अशी वाचतात. माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, केसपेपरवर ती पहिल्यांदा आली तेव्हा आम्ही तो कागद घडी घालून पिशवीत ठेवला आणि पुढचा दीड महिना तिकडे फिरकलो नाही. प्रोस्टेटचा कॅन्सर कण्याच्या हाडांत पसरला होता, रात्री कूस बदलताना ते कण्हत असत, आणि आम्ही मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या अंदाजाने देत होतो. तो दीड महिना अण्णांना विनाकारण भोगावा लागला, म्हणून हे लिहिते आहे.

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे उपशामक सेवा, ही गंभीर आजाराच्या रुग्णाचे दुखणे, धाप, मळमळ, जखमेची दुर्गंधी, झोप न लागणे, मनातली भीती आणि घरच्यांवर पडणारा ताण यांवर इलाज करणारी वैद्यकशास्त्राची स्वतंत्र शाखा आहे. ती मूळ आजारावरच्या उपचारांसोबत चालू शकते. केमोथेरपी चालू असलेला रुग्णही तेथे जाऊ शकतो आणि त्याने जावेच. अमेरिकेत फुफ्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात निदानापासूनच ही सेवा मिळालेल्या रुग्णांचे मन अधिक स्वस्थ राहिले, शिवाय ते इतरांपेक्षा सरासरी सुमारे पावणेतीन महिने अधिक जगले. ही सेवा केवळ कॅन्सरसाठीही नाही. किडनी किंवा हृदय निकामी होत चाललेले, जुनाट दम्यासारख्या फुफ्फुसाच्या आजाराने खिळलेले, पक्षाघाताने अंथरुणाला लागलेले आणि स्मृतिभ्रंश झालेले रुग्णही तिच्या कक्षेत येतात.

हॉस्पिस ही याच सेवेची शेवटच्या टप्प्यासाठीची शाखा आहे, आणि तो शब्द सेवेसाठी व जागेसाठी असा दोन्ही अर्थांनी वापरला जातो. आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि पुढे डॉक्टर झालेल्या सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले, तेथून आजची पद्धत रुजली. भारतातले पहिले हॉस्पिस मुंबईचेच : वांद्र्याचे शांती आवेदना सदन, १९८६ सालचे. येथे एक घोळ नेहमी होतो. अमेरिकेतले नातेवाईक फोनवर सांगतात, की हॉस्पिस घेतले तर बाकीचे उपचार बंद होतात आणि डॉक्टरांना ‘सहा महिन्यांपेक्षा कमी’ असे लिहून द्यावे लागते. तो तिकडच्या मेडिकेअर या सरकारी विम्याचा नियम आहे. आपल्याकडे अशी अट नाही, त्यामुळे त्या धास्तीने थांबू नये.

दुसरा घोळ इच्छामरणाचा. पॅलिएटिव्हचे डॉक्टर मृत्यू घडवून आणत नाहीत आणि तो लांबवण्यासाठी शरीराची ओढाताणही करत नाहीत.

कोठे जावे, काय घेऊन जावे

मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात या शाखेचा स्वतंत्र विभाग आहे आणि रुग्णाच्या घरी जाणारे पथकही आहे. पुण्यात वारजे येथे सिप्ला या औषध कंपनीचे केंद्र १९९७ पासून विनामूल्य सेवा देते, नागपुरात स्नेहांचल ही अशी सेवा देणारी संस्था आहे, आणि शांती आवेदना सदनाची शाखा गोव्यात लोटली येथे आहे. इतर ठिकाणी जिल्हा रुग्णालयातल्या एनसीडी कक्षात, म्हणजे असंसर्गजन्य रोगांच्या कक्षात, चौकशी करावी. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रांच्या, बारा ठरवलेल्या सेवांमध्येही उपशामक सेवेचा समावेश आहे. ती प्रत्येक गावात सारखीच मिळेल असे नाही, परंतु मागितल्याशिवाय तर ती मिळतच नाही.

पहिल्या भेटीला डिस्चार्ज कार्ड, शेवटचे स्कॅन आणि घरात असलेली प्रत्येक गोळी एका पिशवीत घालून न्यावी. आयुर्वेदिक काढा चालू असेल तर तोही लपवू नये. त्यासोबत एक साधी वही ठेवावी. आम्ही दोनरेघी वहीत चार रकाने आखले होते : वेळ, दुखणे शून्य ते दहापैकी किती, काय दिले, तासाभराने किती. अण्णा आकडा सांगायला कुरकुरत असत. मग रुपयात किती आणे दुखते ते सांगू लागले, आणि डॉक्टरांनीही ते चालवून घेतले. ‘खूप दुखते’ या शब्दांवरून डोस ठरवता येत नाही. ‘पहाटे तीनला बारा आणे, कूस बदलताना’ या नोंदीवरून येतो.

मॉर्फिनची भीती

सर्वांत जास्त अडखळणे येथे होते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. मॉर्फिन हे नाव ऐकताच घरात तीन शंका निघतात : सवय लागेल, शुद्ध हरपेल, आणि हे शेवटचे औषध असेल. तीव्र दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन लागणे विरळा. शरीराला मात्र त्याची सवय होते, म्हणून ते एकदम न थांबवता डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावे लागते. पहिले दोन-तीन दिवस पेंग येते, आणि त्यातली बरीचशी पेंग कित्येक रात्री हुकलेल्या झोपेची असते. मॉर्फिन दुखण्याच्या तीव्रतेवरून ठरते, आयुष्य किती उरले यावरून नव्हे. काही रुग्ण महिनोन्‌महिने ते घेऊन घरात हिंडते-फिरते राहतात.

मॉर्फिनच्या साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो, म्हणून ती दुखायला लागल्यावर न देता घड्याळ लावून द्यायची असते. सर्वसाधारणपणे सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा असे वेळापत्रक देतात, आणि रात्री दहाचा डोस डॉक्टर बहुधा दुप्पट लिहितात, म्हणजे पहाटे दोनला उठवावे लागत नाही. मध्येच कळ आली तर द्यायचा जादा डोस किती, हे आधीच लिहून घ्यावे. बद्धकोष्ठता जवळजवळ प्रत्येकाला होते आणि ती पेंगेसारखी आपोआप ओसरत नाही. त्यामुळे पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून सोबत द्यावे लागते. डॉक्टरांनी लिहिले नसेल तर आपण विचारावे. मळमळ बहुधा आठवडाभरात थांबते. किडनीचा त्रास असेल तर तो आवर्जून सांगावा, कारण मग डोस बदलावा लागतो किंवा दुसरे औषध निवडावे लागते. रुग्ण हलवूनही जागा होत नसेल आणि श्वास फार मंद झाला असेल, तर पुढचा डोस न देता ताबडतोब पॅलिएटिव्हच्या पथकाला फोन करावा.

हे औषध कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे ते मिळवणे अनेक वर्षे फार किचकट होते. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सुटसुटीत झाले आणि आता मान्यताप्राप्त संस्था ते ठेवू शकतात. संस्था गोळ्या मोजून देते आणि नोंद ठेवते. म्हणून गोळ्या संपायच्या तीन-चार दिवस आधीच निघावे, विशेषतः गावाहून येणाऱ्यांनी, आणि दिवाळीच्या सुट्ट्या आधी पाहून घ्याव्यात.

सगळेच घरी निभावत नाही, हेही माहीत असावे. कण्यात कॅन्सर असलेल्या रुग्णाच्या पायांतली ताकद अचानक गेली किंवा लघवी अडली, तर मज्जारज्जूवर दाब आल्याची शक्यता असते आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

अन्न, पाणी आणि सलाईन

‘काही खात नाहीत, निदान सलाईन तरी लावा’ हे वाक्य प्रत्येक घरात म्हटले जाते. आपल्याकडे माया ताटातून व्यक्त होते, त्यामुळे ताट परत गेले की वाढणाऱ्याला अपराधी वाटू लागते. परंतु आजार फार पुढे गेला की शरीराला अन्न पचवता येत नाही आणि भूक मरते. रुग्ण खात नाही म्हणून खंगत नसतो, तर आजाराने शरीर आवरते घेतलेले असते म्हणून तो खात नसतो. या टप्प्यावर बळेबळे भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, आणि सलाईनमुळे अंगावर सूज व छातीत पाणी वाढू शकते. मागितले तर दोन चमचे पेज, आवडत असेल तर बर्फाचा खडा किंवा आंब्याच्या रसाचे बोट द्यावे, आणि तेही टेकवून बसवूनच द्यावे. तोंड कोरडे पडते, त्याचा त्रास भुकेपेक्षा अधिक असतो. ओल्या गॉझने दर दोन तासांनी तोंड पुसून घ्यावे आणि ओठांना किंचित तूप लावावे. ऑक्सिजन चालू असेल तर मात्र तेलकट काही लावू नये. गंगाजल द्यायचे असेल तर कापसाच्या बोळ्याने ओठ ओले करावेत. गिळता न येणाऱ्या माणसाच्या तोंडात पळीभर पाणी ओतले की ठसका लागतो आणि तो पाहवत नाही.

अंथरुणाला टेकून जखमा होऊ नयेत म्हणून कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. एअर बेड लावला तरी हे चुकत नाही, हे आम्हांला कमरेवर लाल चट्टा उठल्यावर कळले. एअर बेड, फाउलर खाट (डोक्याकडची बाजू वर करता येणारी), व्हीलचेअर हे सामान विकत घेण्याची घाई करू नये. बहुतेक शहरांत रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे अनामत रकमेवर ते नाममात्र भाड्याने देतात. धाप लागत असेल तर रुग्णाला टेकवून बसवावे, खिडकी उघडावी आणि चेहऱ्यावर येईल असा छोटा पंखा लावावा. याने खरोखर बरे वाटते.

रात्रपाळ्या वाटून घ्याव्यात आणि तो वाटा कागदावर लिहावा. ‘सगळे मिळून बघू’ असे ठरले की बघते एकटी सून किंवा मुलगी. ब्यूरोमधून बाई किंवा ब्रदर ठेवणे म्हणजे कर्तव्यात कसूर नव्हे.

त्यांना सांगायचे की नाही

‘बाबांना काही सांगू नका’ असे डॉक्टरांना दाराबाहेर गाठून सांगणारे आम्हीही होतो. आमच्या डॉक्टरांनी वाद न घालता अण्णांनाच विचारले, ‘तुम्हांला स्वतःला काय वाटते आहे?’ अण्णा म्हणाले, ‘पोरांना सांगू नका, पण हे काही आता परतायचे नाही.’ दोन्ही बाजू एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होत्या. माझा सल्ला असा, की सगळे सांगून टाकण्याची घाई करू नये आणि खोटेही बोलू नये. रुग्ण जेवढे विचारतो तेवढ्याचे खरे उत्तर द्यावे. बँकेचे व्यवहार, वारसनोंद, कोणाला भेटायचे आहे, शेवटी घरी राहायचे की रुग्णालयात, हे प्रश्न तो बोलू शकतो तोवरच त्याला विचारता येतात.

याच काळात वैद्यकीय इच्छापत्राचा, म्हणजे लिव्हिंग विलचा, विचार करावा. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या व्यक्तीने ते दोन साक्षीदारांसमोर लिहायचे आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकित करायचे असते. आपल्यावतीने बोलणाऱ्या नातेवाइकांची नावे त्यात घालावी लागतात. व्हेंटिलेटर नको एवढेच लिहून थांबू नये. नळीने अन्न, डायलिसिस, छाती दाबून हृदय चालू करणे यांविषयीही स्पष्ट लिहावे. रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तेव्हाच ते लागू होते, आणि तेव्हाही डॉक्टरांची दोन मंडळे खात्री करून घेतात.

शेवटचे दिवस

झोप वाढते, लघवी कमी होते, हातपाय गार पडून त्यांवर जांभळट छटा येते आणि श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो. घशात साचलेल्या स्रावामुळे घरघर ऐकू येते. ऐकणाऱ्याच्या काळजाला ती घरे पाडते, परंतु रुग्णाला तिची जाणीव बहुधा नसते. त्याला कुशीवर वळवावे आणि पथकाला विचारून स्राव कमी करणारे औषध द्यावे. बोलत राहावे, कारण प्रतिसाद नसला तरी ऐकू येत असण्याची शक्यता असते. या वेळी घाबरून एखाद्याने अॅम्ब्युलन्स बोलावली तर रुग्ण आयसीयूत पोहोचतो आणि घरी राहण्याचा त्याचा निर्णय बाजूला पडतो. म्हणून कोणाला फोन करायचा, तो नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवावा आणि शेजाऱ्यांनाही सांगून ठेवावा.

घरी मृत्यू झाल्यास दाखल्यासाठी डॉक्टर लागतात. मृत्यूचे कारण नमुना ४अ मध्ये लिहून देण्यास फॅमिली डॉक्टर तयार आहेत का, हे आधीच विचारावे आणि त्यांनी अधूनमधून येऊन रुग्णाला पाहून जावे अशी विनंती करावी. ज्याला कधी तपासलेच नाही त्याचा दाखला देण्यास डॉक्टर कचरतात, आणि मग रात्री दोन वाजता दारोदार फिरण्याची वेळ येते. रुग्णाचे आधार कार्ड आणि शेवटचे डिस्चार्ज कार्ड एकाच पाकिटात ठेवावे. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते.

उरलेले मॉर्फिन घरात ठेवू नये आणि ओळखीच्या दुसऱ्या रुग्णाला परस्पर देऊ नये. तेराव्यानंतर आम्ही एअर बेड परत करून अनामत घेतली आणि तसेच पुढे पॅलिएटिव्हच्या केंद्रावर गेलो. सिस्टरांनी उरलेल्या अकरा गोळ्या मोजून घेतल्या, रजिस्टरमध्ये माझी सही घेतली, आणि सासूबाई रात्री झोपतात का, असे विचारले. झोपत नव्हत्या. सिस्टरांनी पुढच्या गुरुवारची वेळ सासूबाईंच्या नावाने लिहून दिली.